ढोल वरून टाकू नकोस, ट्रॅकच ताशाच्या चालीने चालू दे

तुझा प्रश्न बराच मोठा होता, म्हणून आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तू नाशिकच्या पंचवटीतली, चार वर्षं पथकात ताशा वाजवतेस, घरी एफएल स्टुडिओवर (गाणं बनवायचं सॉफ्टवेअर) ट्रॅक बनवतेस, दक्षिण आफ्रिकेचं ग्कोम, आमापियानो, रिओचं बायले फंक असं बाहेरचं नाचाचं संगीत सगळं ऐकतेस, आणि पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका क्लबमध्ये तुला तासाभराचा ओपनिंग स्लॉट, म्हणजे मुख्य डीजेच्या आधीची वेळ, मिळालाय. अडचण अशी की तुझे ट्रॅक ऐकून निम्मे म्हणतात "हे तर विसर्जनाचं वाटतंय" आणि उरलेले म्हणतात "साऊथ आफ्रिकेची कॉपी करून वर ढोल टाकलाय". मग ढोल-ताशा आणि बाहेरचं पर्कशन एकत्र आणायचं कसं, बीपीएम (मिनिटाला ठोके) किती ठेवायचा, रेकॉर्डिंग कसं करायचं, आणि नाशिकमध्ये राहून हे जमतं का.

दोन्ही प्रकारचे लोक बरोबर बोलतायत, वाईट वाटून घेऊ नको. मी स्वतः सहा-सात वर्षं हेच ऐकलंय. मी सुरुवात केली ती क्लबमध्ये नाही, हळदी आणि वरातीत. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नसतोच, डीजे म्हणजे टेम्पोवरची आवाजाची भिंत, "डीजे किती बेसचा आहे?" असं विचारतात, माझ्या आईला अजून वाटतं की मी भिंत भाड्याने देतो. त्या भिंतीमागे उभं राहून मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे नाशिकच्या माणसाला चारचा सरळ ठोका दिला की तो मान हलवतो, पण ताशाची चाल दिली की त्याचा खांदा आणि गुडघा हलतो. हे मला कळत होतं, पण ट्रॅकमध्ये उतरत नव्हतं. कारण मी जे करत होतो तेच तू करतेयस. बाहेरचा तयार ग्रूव्ह (ठेक्याची चाल) घ्यायचा, किक (बेस ड्रमचा जाड ठोका) चारवर, शेकर (खुळखुळा) सोळावर, आणि वर सॅम्पल पॅकमधला, म्हणजे तयार आवाजांच्या संचातला, "नाशिक ढोल" नावाचा लूप (परत परत फिरणारा तुकडा) ताणून बसवायचा. ढोल मग भाजीवर शेवटी टाकलेल्या कोथिंबिरीसारखा दिसतो, शिजलेला नसतो.

मला हे कसं कळलं ते सांगतो, कारण सगळं उत्तर त्यातच आहे. आमच्या वाड्यात एक काका होते, तरुणपणी ताशा वाजवायचे, नंतर कारखान्यात लागले. एकदा मी लॅपटॉपवर असाच एक ट्रॅक करत होतो, त्यांना हेडफोन दिला. ते काही बोलले नाहीत, नुसतं टेबलावर दोन बोटांनी वाजवायला लागले. मला वाटलं मजा येतेय त्यांना. दोन मिनिटांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "तुझा ताशेवाला नोकरीवर आहे का रे? वेळेवर येतोय." मी हसलो, पण रात्री परत बसलो, मोबाईल टेबलावर ठेवून त्यांच्या बोटांचं जे रेकॉर्डिंग झालं होतं ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि एकेक ठोका मोजला. माझा लूप मी ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या सारख्या अंतराच्या रेघांना) चिकटवला होता, सगळे ठोके दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे सारख्या अंतरावर. काकांची बोटं तशी नव्हती. जोडीतला दुसरा ठोका दरवेळी थोडा उशिरा, आणि तोही सारखा उशिरा नाही, ओळीच्या सुरुवातीला कमी आणि समेच्या जवळ येताना जास्त.

आता हे आकड्यात बघ, तुझ्या कामाचं आहे. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदाचा, म्हणजे सोळाव्या नोट्सची (ठोक्याच्या चौथ्या भागांची) एक जोडी २५० मिलिसेकंदाची. एकदम सरळ वाजवलं तर दुसरी नोट १२५ वर पडते, याला स्विंग ५० टक्के म्हणतात. पूर्ण तीनच्या चालीत, म्हणजे दादऱ्यासारखं वाजवलं तर ती १६७ च्या आसपास पडते, तो ६६ टक्क्यांचा स्विंग. काकांची बोटं या दोघांच्या मधे होती, सुरुवातीला ५६, शेवटाकडे ६२. ना केरवा ना दादरा, मधलीच लंगडी चाल. हा जो सरळ चालीपासून १५-३० मिलिसेकंदांचा फरक आहे ना, त्यातच विसर्जनाची मिरवणूक चालते. ड्रम मशीनमध्ये स्विंगचं बटण पहिल्यांदा आणलं रॉजर लिनने, १९८० च्या एलएम-१ मध्ये, आणि नंतर एमपीसी नावाच्या मशीनमुळे ते सगळ्या हिपहॉप आणि हाऊसमध्ये गेलं, पण ते बटण एकच आकडा सगळ्या जोड्यांना लावतं. आपल्या ताशेवाल्याचा हात एक आकडा कधीच लावत नाही. म्हणून नुसता स्विंग ५८ ठेवून काम भागत नाही, करून बघ, दारू न पिता झिंगल्याचं नाटक केल्यासारखं वाटतं.

मग करायचं काय? तुझ्याकडे माझ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, तू स्वतः ताशा वाजवतेस. सॅम्पल पॅक बंद कर. कानात क्लिक लावून दहा मिनिटं एकच ठेका वाजव, ताशावर नको, शेजारी मारतील, जाड पुठ्ठ्यावर किंवा वहीवर त्याच काड्यांनी वाजव, मोबाईलवर रेकॉर्ड कर. दहा मिनिटं अशासाठी की पहिली तीन-चार मिनिटं तू क्लिकला घाबरून वाजवशील, पाचव्यानंतर हात आपल्या चालीवर येतो. त्यातले चांगले चार बार (एक बार म्हणजे चार ठोके) काप, एफएलमध्ये स्लाइसएक्समध्ये टाक, ते प्रत्येक ठोका वेगळा करून पियानो रोलमध्ये नोट्स काढून देतं. एबलटन हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर सरळ ग्रूव्ह काढून घ्यायची सोय आहे. आता त्या नोट्स हा तुझा ग्रिड. शेकर त्यावर बसव, हॅट त्यावर, बेसची नोटसुद्धा त्यावर. मग ढोल काढून टाक. हो, काढून टाक आणि ऐक. ढोल नसतानाही जर ट्रॅक गंगापूर रोडच्या मिरवणुकीसारखा चालत असेल तर तुझं काम झालं, आता ढोल ठेवलास तरी चालेल, नाही ठेवलास तरी चालेल. हीच माझी परीक्षा आहे, दरवेळी लावतो आणि अजून निम्म्या वेळा नापास होतो.

बाहेरचे लोक हेच करतात, आपल्याला फक्त त्यांचे आवाज ऐकू येतात, चाल ऐकू येत नाही, म्हणून आपण आवाज उचलतो. ग्कोम बघ, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या टाऊनशिपमधून २०१० नंतरच्या वर्षांत आलेलं, पोरांनी साध्या कॉम्प्युटरवर एफएलमध्ये केलेलं. त्याची खरी खोड काय, तर हाऊसमधला चारचा किकच त्यांनी मोडला. किक जिथे हवा तिथे नाही, आणि त्या मोकळ्या जागेत भीती भरलेली. तू त्यातला नुसता ड्रमचा कोरडा आवाज घेतलास आणि किक परत चारवर ठेवलास तर ग्कोम राहिलंच कुठे? आमापियानोमध्ये तर अजून मजा आहे. तो जो लॉग ड्रम आहे, ज्याच्यामुळे सगळं ओळखू येतं, तो एफएलमधल्या डीएक्स१० नावाच्या जुन्या साध्या सिंथमधल्या (इलेक्ट्रॉनिक वाद्यातल्या) आवाजातून आलेला. म्हणजे जगभर गाजलेला आवाज तुझ्या लॅपटॉपमध्ये आधीपासून पडलाय. पण त्यांनी त्याला बेसही केलं आणि ड्रमही केलं, एकच वाद्य दोन्ही कामं करतं, आणि बाकी सगळे त्याला वाट देतात. हे वाचून तुला काही आठवलं का? आपला ढोल हेच करतो. एका बाजूला ड्रम, दुसऱ्या बाजूला बेस.

त्यामुळे तुझ्या दुसऱ्या ट्रॅकमध्ये, तो जो तू पाठवला होतास, जिथे खाली आमापियानोचा लॉग ड्रम आणि वर ढोल एकत्र चाललेत, तिथे दोन नवरदेव एकाच घोड्यावर बसलेत. एकाला उतरव. माझं मत, लॉग ड्रम उतरव. त्याने जे वाक्य म्हटलंय, ते घसरत जाणारं, प्रश्न विचारल्यासारखं, ते ढोलाच्या थापेला म्हणायला लाव. ढोलाचं एक चांगलं थापेचं सॅम्पल घे, सॅम्पलरमध्ये पिच खाली-वर करून त्यावर सूर वाजव. मग साऊथ आफ्रिकेची कॉपी कोणी म्हणणार नाही, कारण त्यांच्याकडून तू कल्पना घेतलीस, माल आपला वापरलास.

सिडनीचा डीजे प्लीड नावाचा एक प्रोड्यूसर आहे, लेबनीज घरातला, त्याने लेबनीज लग्नांमध्ये वाजणाऱ्या दरबुक्याची (हाताने वाजवायचं चर्मवाद्य) चाल क्लबमध्ये आणली. म्हणजे त्यांची वरातच. लंडनमध्ये अहदाड्रीम आहे, जन्म पाकिस्तानातला, सॅम इंटरफेसबरोबर मोर टाइम नावाचं लेबल चालवतो, त्याच्या सेटमध्ये आफ्रिकन, कॅरिबियन, देसी सगळी चामडी एकत्र वाजते. या दोघांना ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघ, किती कमी वाजतंय. चार वाद्यं. कधी तीन. लिस्बनचं प्रिन्सिपे लेबल ऐक, अंगोलाच्या कुडुरो या नाचाच्या संगीताच्या मुळातून आलेली पोरं आहेत, त्यात डीजे मारफॉक्स, निडिया, तिथे तर कधीकधी नुसतं पर्कशन आणि एक विचित्र सिंथ. आणि टांझानियातलं सिंगेली, दार एस सलाममधलं, २०० च्या वर बीपीएम, तिथल्या तारब संगीताचे तुकडे जोरात पळवून बनवलेलं, ते ऐकून डोकं दुखेल पण ऐक, आपल्या ताशाची तर्री (सलग थरथरतं वाजवणं) त्याच वेगाची असते हे कळेल. याआधी १९९० च्या दशकात लंडनमध्ये तलवीन सिंगने तबला आणि ड्रम अँड बेस (वेगवान क्लब संगीत) एकत्र आणला होता, १९९९ साली त्याला ब्रिटनचं मर्क्युरी प्राइझही मिळालं. म्हणजे तू वेडेपणा करत नाहीयेस, रस्ता जुना आहे, फक्त त्यावरून नाशिक ढोल घेऊन फार कोणी गेलेलं नाही.

आता बीपीएम. इथे एक गणित आहे जे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि कळल्यावर मी दोन दिवस झोपलो नाही. आपला ठेका तीनच्या चालीकडे झुकतो. धर तुझा ठेका १०० बीपीएमला आहे आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतायत. मिनिटाला झाले ३०० भाग. आता रिओचं बायले फंक, जे हल्ली १५० ला वाजतं, त्यात प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले तर मिनिटाला किती? ३००. म्हणजे १०० चा ढोल आणि १५० चं फंक एकमेकांत बसतात, बीपीएम ताणायची गरजच नाही. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट १५० ला ठेव, ढोलाचा ठोका दर तीन अर्ध्यांवर टाक. पोरं आधी गोंधळतात, मग एका क्षणी पायाला कळतं की आपण दोन चालींवर एकदम उभे आहोत, तेव्हा जो आवाज येतो ना फ्लोअरवरून, ओरडा नाही, हसण्यासारखा आवाज. तसंच ९६ आणि १२८. ९६ चे तीन ठोके म्हणजे १२८ चे चार ठोके, दोन्ही १.८७५ सेकंद. म्हणजे ढोलावरून सरळ टेक्नोमध्ये जायचा पूल तयार. सेटमध्ये हे दोनदाच करायचं, तिसऱ्यांदा केलं की जादूगाराने पोतडी उघडून दाखवल्यासारखं होतं.

बायले फंकमध्ये आणि रेगेटॉनमध्ये खाली जी ३-३-२ ची चाल आहे, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, ती ताशावर वाजवून बघ. तुला ती परकी वाटणार नाही. पण तिथेही हात आपल्या लंगडेपणाने पडू दे, सरळ करू नको.

फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात. ढोलाची थाप आणि किक एकाच जागेसाठी भांडतात, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये थाप ६० ते ९० हर्ट्झच्या मधे कुठेतरी बसते आणि किक ५०-६० ला. दोन्ही पूर्ण ठेवलेस तर घरी हेडफोनवर भारी वाटेल आणि क्लबमध्ये नुसतं गुडगुड. एक निवड. ढोल राजा असेल त्या भागात किक ८० च्या खाली कापून नुसती टिचकी ठेव, किक राजा असेल तेव्हा ढोल १२० च्या वर. ताशाचं उलटं, तो २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये ओरडतो आणि माणसाचा कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो. मिरवणुकीत मोकळं आभाळ असतं म्हणून चालतं, बंद खोलीत तोच ताशा सहा मिनिटं ऐकवला की लोक बाहेर सिगारेट प्यायला जातात आणि त्यांना स्वतःलाही कळत नाही का गेले. ताशा ट्रॅकमध्ये लाल मिरचीसारखा, आठ बार वाजव, सोळा बार गप्प. आणि तू स्वतः कानात प्लग घालत जा पथकात, आता लगेच. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ फक्त १५ मिनिटं धरतात आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, तू ताशाच्या किती जवळ असतेस ते तूच बघ. माझा डावा कान रात्री शिट्टी वाजवतो, भिंतीशेजारी उभं राहिल्याचं बक्षीस.

रेकॉर्डिंगबद्दल सगळ्यात मोठी चूक मी केलेली सांगतो. मी अख्खं पथक मैदानावर रेकॉर्ड करायला गेलो, तीसेक ढोल, दहा ताशे, हातात छोटा रेकॉर्डर, लेव्हल बघितली नाही, सगळं फाटलं. ते जाऊ दे, दुसऱ्या दिवशी लेव्हल नीट ठेवून परत केलं तरी ते वापरता येईना, आणि कारण कळायला वेळ लागला. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पथक पंधरा मीटर पसरलेलं असेल तर शेवटच्या ढोलाचा आवाज माईकपर्यंत ४०-४५ मिलिसेकंद उशिरा येतो. आणि आपण वर बघितलं की आपली सगळी चाल १५-३० मिलिसेकंदांत आहे. म्हणजे चाल पुसलीच गेली ना. मोठ्या पथकाचं रेकॉर्डिंग वातावरणासाठी घे, ट्रॅकच्या मागे हलकं ठेवायला, ते फार सुंदर लागतं. पण ग्रूव्हसाठी एक ढोल, एक ताशा, खोलीत. गाद्या, चादरी, जे असेल ते भिंतीला.

ढोलाला दोन्ही बाजूंना माईक लावणार असशील तर एका माईकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी कर. एका बाजूने मारलं की तिकडचं पान आत जातं आणि दुसरीकडचं बाहेर येतं, दोन्ही माईक एकमेकांच्या विरुद्ध ऐकतात आणि मिक्स केलं की बेस गायब होतो. मी वर्षभर समजत होतो की माझा माईक स्वस्तातला आहे म्हणून. लेव्हल कमी ठेव, सर्वात मोठा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर (मोठ्या आवाजालाही रेकॉर्डिंग फाटत नाही असा) मिळाला तर उत्तम, पण ताशाच्या फूटभर अंतरावर माईकच फाटत असेल तर ३२ बिट काय करणार, माईक लांब घे. आणि पावसाळ्यात, म्हणजे नेमका सरावाच्या दिवसांत, चामड्याचं पान दमट हवेने उतरतं, सकाळचा ढोल आणि संध्याकाळचा ढोल वेगळ्या सुरात असतो. जुने लोक ताशा शेकायचे ते यासाठीच. फायबरच्या पानाचं तसं होत नाही पण त्याचा आवाज मला प्लास्टिकच्या बादलीसारखा वाटतो, हे माझं मत, भांडू नका. फाइलच्या नावात सूर आणि तारीख लिहून ठेव, नंतर बेसलाइन त्या सुरात लावावी लागते.

ज्याचा हात रेकॉर्ड करशील त्याला पैसे दे आणि कागदावर दोन ओळी लिहून घे. पथकातला मित्र असला तरी. नाव ट्रॅकवर दे. वादकाचा त्याच्या वादनावर कायद्याने हक्क असतो, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात वादक-गायकांच्या रॉयल्टीचंही आलं. यूट्यूबवरून पथकाचा व्हिडिओ उचलून सॅम्पल करू नको, एक तर तो आवाज चुरडलेला असतो आणि दुसरं ते कोणाचं तरी आहे.

फक्त ढोल-ताशावर अडकू नको असंही सांगेन. आपल्या जिल्ह्यात बघ काय काय आहे. वणीच्या गडावर आणि गोंधळात संबळ ऐक, दोन जोडलेली भांडी, एक बारीक एक जाड, त्यात जी प्रश्नोत्तरं चालतात ती कुठल्याही बोंगोला भारी. सुरगाणा, पेठ, कळवणकडे पावरी वाजते, भोपळ्याची, फुंकून वाजवायची, तिचा सूर थांबतच नाही, त्याच्याखाली कुठलाही किक ठेव, तो ड्रोन (सलग धरलेला सूर) आपोआप अंगावर येतो. पण गोंधळ हा देवीचा आहे, त्यातलं गाणं दारूच्या बारमध्ये वाजवायचं की नाही हा प्रश्न मी माझ्यापुरता सोडवलाय. ठेका घेतो, शब्द घेत नाही. आणि वाजवणाऱ्याला आधी सांगतो की हे कुठे वाजणार आहे. एकदा एका बुवांनी नाही म्हटलं. चहा पिऊन परत आलो.

नाशिकमध्ये राहून होतं का? बनवणं होतं, वाजवणं कमी होतं. सुला वाइनच्या द्राक्षबागेत २००८ पासून फेस्ट झाले तेव्हा आपल्याला कळलं की बाहेरून लोक गाणं ऐकायला नाशिकला येतात, पण दर शनिवारी वाजवायला जागा म्हणशील तर कॉलेज रोड-गंगापूर रोडला मोजक्या, आणि तिथेही मालक येऊन म्हणतो "भाऊ, एखादं पंजाबी लावा ना". रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, तो नियम २००० सालचा आहे, देशभर सारखाच आहे, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. मी त्याचा फायदा करून घेतला, दुपारचे सेट. चार ते नऊ. दुपारी लोक कमी पितात आणि जास्त ऐकतात. शिवाय इथे भाडं कमी, मोठी खोली मिळते, मुंबईत ढोल रेकॉर्ड करायला जागा शोधून दाखव. पुण्या-मुंबईला जाऊन वाजव, राहायला इथेच रहा, निदान सध्या.

आणि हळदीच्या ऑर्डरी सोडू नको. मुंबईचे काही डीजे नाक मुरडतात, मुरडू दे. हळदीत आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एका फ्लोअरवर असतात, तुझा नवीन ठेका तिथे आठ बार चालवून बघ, चालला तर क्लबमध्ये चालेलच. मी सगळे ट्रॅक आधी तिथे तपासतो, कोणाला सांगत नाही.

पुण्याच्या स्लॉटबद्दल. ओपनिंग आहे हे विसरू नको, तू मुख्य जेवण नाहीस, पण पापड-कोशिंबीरही नाहीस. खोली रिकामी असेल, वीस माणसं, त्यातली दहा मोबाईलमध्ये. १०० च्या आसपास सुरू कर, पर्कशन जास्त, किक हलका, पहिली वीस मिनिटं पूर्ण ढोल नकोच, फक्त त्याची चाल. शेकर, संबळाचा बारीक ठोका, लोकांना कळूही नये की हे नाशिकचं आहे. मग ११०-११५ ला जा, तिथे आमापियानोचे बाहेरचे दोन-तीन ट्रॅक टाक, तुझे त्यांच्यामधे ठेव. तुझा पहिला खरा ढोल चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास, आणि तोही एकटा, बाकी सगळं बंद करून चार बार. त्याच्यानंतर वरचं १०० आणि १५० चं करायचं असेल तर तिथे कर, पण घरी पन्नास वेळा केल्याशिवाय नको. आणि शेवटची पाच मिनिटं खाली उतर. पुढच्या डीजेला तापलेला तवा द्यायचा, जळालेला नाही, नाहीतर तो परत बोलावू देत नाही, ही गोष्ट मी पुण्यातच शिकलो.

हाताने वाजवलेल्या ट्रॅकचा बीटग्रिड (ठोक्यांच्या रेघा) रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर चुकवतं, कारण हात एका बीपीएमवर राहत नाही. त्यातलं डायनॅमिक लावून ॲनालिसिस कर, तरी प्रत्येक ट्रॅक डोळ्याने तपास, आणि सिंकच्या (आपोआप ठोके जुळवणाऱ्या बटणाच्या) भरवशावर राहू नको, कानाने मिक्स कर, ताशेवालीला ते जमलं नाही तर कोणाला जमणार. पेनड्राइव्ह दोन ने, दोन्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले, जुने सीडीजे (क्लबमधले डीजेचे प्लेअर) एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचत नाहीत. दुपारी जाऊन साऊंडवाल्याला भेट, त्याचं नाव विचार, चहा पाज, आणि तुझा ताशा त्याच्या सिस्टीमवर एकदा लावून बघ. तिखट वाटला तर तिथल्या तिथे मिक्सरवर वरचा बँड थोडा उतरवून ठेव.

तिसरा ट्रॅक, तो ज्याला तू नाव दिलेलं नाहीस, त्याच्यात काहीतरी आहे. १ मिनिट ४० सेकंदाला ताशा थांबतो आणि शेकर एकटा चालत राहतो, ते चार बार तुझे आहेत, बाकीचा ट्रॅक त्या चार बारांसारखा कर. नवीन करशील ते मला पाठव, पण व्हॉट्सअपवर ऑडिओ म्हणून नको, तो चुरडतो, वेव्ह फाइलची ड्राइव्ह लिंक टाक. सोमवार-मंगळवारी माझ्याकडे लग्नं नसतात, तेव्हा नीट ऐकून सांगतो.